न फुटलेला सुतळी बॉम्ब

माझा धाकटा भाऊ संदीप सैन्यात जिवंत बॉम्ब निकामी करतो आणि त्याचं पहिलं प्रशिक्षण मी दिलेलं आहे.

तो सुट्टीवर आला तेव्हा आमच्या मुलुंडच्या सोसायटीने त्याचा सत्कार ठेवला. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून भाषण माझ्याकडे आलं. (म्हणजे मी ते मागून घेतलं.) चांगली तीन पानं लिहिली. सार एवढंच, की संदीपच्या धाडसामागे मोठ्या भावाचे संस्कार आहेत.

"भीती हा शब्दच आमच्या घरात नाही!" मी माईकवर ठणकावलं. पहिल्या रांगेत आई पदराने डोळे टिपत होती.

सेक्रेटरी सावंतकाका भारावले. "संदीप, तूच सांग रे, हे सगळं शिकलास कुठे?"

"दादाकडे."

टाळ्या! मी नम्रपणे मान झुकवली. तो तिथेच थांबला असता तर!

"कणकवलीला दिवाळीत दादा सुतळी बॉम्ब लावायचा," संदीप म्हणाला. "एखादा फुटला नाही, की म्हणायचा, 'जा, बघून ये. मी इथून लक्ष ठेवतो.'"

"इथून म्हणजे कुठून?" सावंतकाकांनी विचारलं.

"तुळशी वृंदावनामागून."

सगळा हॉल हसला. आई हसली नाही. असाच एक बॉम्ब बघायला गेल्यावर फुटला, संदीपची डावी भुवई तेव्हापासून अर्धीच आहे. त्याबद्दल आईने त्यालाच बडवलं होतं आणि मी शेजारी उभा राहून म्हणालो होतो, "किती सांगितलं, ऐकतच नाही!" (पठ्ठ्याने वीस वर्षं माझं नाव घेतलं नव्हतं.)

आई उभी राहिली. "म्हणजे तू धाडलंस तेका? घराक चल, मगे बघतंय तुका!"

सारवासारव करायला मी माईक ओढला. "आई, अगं, धाडस म्हणजे..." एवढ्यात डोक्यावरच्या सजावटीतला एक फुगा फाटकन फुटला!

पुढचं मला संदीपच्या पाठीमागूनच आठवतं. एका मुठीत त्याचा शर्ट, दुसऱ्या मुठीत माईक. सत्काराची शाल त्याच्या खांद्यावरून माझ्या डोक्यावर आली होती.

मान न वळवता त्याने हळूच विचारलं, "दादा, बघून येऊ?"

"जा," मी कुजबुजलो. "मी इथून लक्ष ठेवतो."

माईक चालू होता.