जिभेवरचा कापूर
आरतीचा कापूर पेटला की मला नव्वदच्या दशकातलं सुरतमधलं खानदेशी कामगारांचं लिंबायत आठवतं. मी इंजिनिअरिंगचा प्राध्यापक, बुवा-बाबांच्या युक्त्या उघड्या पाडत वस्त्यांमधून फिरायचो. एका संध्याकाळी तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात जळता कापूर जिभेवर ठेवला आणि जीभ का भाजत नाही तेही समजावलं. लोक पांगल्यावर एका बाईनं तापानं फणफणलेलं लेकरू माझ्या पायांवर घातलं. "भाऊ, मना पोरले वाचाडा." "अहो ताई, ही नुसती युक्ती आहे, दवाखान्यात न्या त्याला!" मी ओरडलोच. ती तिथूनच आली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "बघा, साधा कापूर आहे," म्हणत मी उरलेली वडी तिच्या हातात कोंबली. तिनं ती लेकराच्या कपाळाला लावली आणि पदरात बांधली. जन्मभर चमत्कार खोटे पाडले, पण तो वास आला की अजून वाटतं, त्या संध्याकाळपुरतं तरी मला खरंच काही यायला हवं होतं.