पहाऱ्यावरचा कॉम्प्युटर

आमच्या जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर म्हणजे लष्करातून निवृत्त झालेली तोफच! गाडीतल्या कॉम्प्युटरवर आजारी जनावरांचे निरोप येत. किल्ली बंद केली की थोड्या वेळाने कॉम्प्युटर झोपे आणि निरोप गाडी सुरू केल्यावरच दिसत. पहाऱ्यावरची ही डुलकी आमच्या तोफेला मान्य नव्हती. जेवताना तो किल्ली अर्धी फिरवून ठेवी आणि पडद्यासमोर बसून भाकरी खाई.

"अहो, बॅटरी उतरेल," मी डॉक्टर असून त्याला विनवायचो.

"डाक्टर, अडलेली मेंढी माझं जेवण व्हायची वाट बघंल व्हय?"

एका दुपारी जतच्या माळावर पडदा वाजला. समोरच्या टेकडीपलीकडे मेंढी विताना अडली होती. त्याने खरकट्या हातानेच किल्ली फिरवली. गाडी नुसती टकटक करून गप्प झाली. बॅटरी उतरली होती. माझी पेटी खांद्यावर टाकून तो धावत सुटला, मी धापा टाकत मागे. पोचलो तेव्हा मेंढी गेली होती.

"लय पळालासा," म्हणत मेंढपाळानेच आम्हाला पाणी दिलं.

आता जेवणाआधी तो किल्ली काढून घेतो. पडदा काळा होईपर्यंत बघत राहतो आणि स्वतःचा डबा न उघडताच माझ्याकडे सरकवतो.