माझा आवाज एवढाच हाय

सतीशचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. सतीश म्हणजे शालनचा धाकटा भाऊ. "मंगलताई, अक्का गेली. सकाळी साडेसहाला," तो म्हणाला. मग जरा थांबून, मी विचारलं नसतानाही म्हणाला, "घाबरली न्हाय." याला आता दीड महिना होईल. लोक तिच्याविषयी बोलताना म्हणतात, बाई धीराच्या होत्या, कशाला म्हणून भ्यायच्या नाहीत. मला ते ऐकवत नाही. शालन आयुष्यभर भ्यायली. भीत भीतच तिनं सगळं केलं, आणि हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कोल्हापुरात आम्ही दोघी डी.एड.ला एका वर्गात होतो. मी शहरातली, ती रोज गडमुडशिंगीहून बसनं यायची. भिंतीकडेची जागा धरायची. डबा कुणासमोर उघडायची नाही. हजेरीला तिचा आवाज सरांपर्यंत पोचायचा नाही, त्यामुळे वर्गात बसलेली असूनही कितीदा तरी तिची गैरहजेरी लागली होती. उठून "सर, मी आहे" एवढं सांगणं तिला जमायचं नाही. अक्षर मात्र असं, की तिनं फळा लिहिला तर पुसायला हात धजू नये. पाठाआधी लिहायची टाचणं तिच्यासारखी कुणाची नसत. पहिला सराव पाठ होता पाचवीच्या वर्गावर, झाडाची मुळं. तिनं फळ्यावर घटक लिहिला, सुरेख चित्र काढलं आणि ती वर्गाकडे वळली. समोर चाळीस पोरं, मागच्या बाकांवर सर आणि आम्ही सहाजणी. तिचं तोंड उघडलं, पण आवाजच येईना. मानेपासून कानापर्यंत लाल झाली... मिनिटभर असेल, पण ते संपेना. मग पुढचं एक पोरगं फिसकन हसलं आणि सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावर आम्हीही हसलो. मीही हसले. शालननं खडू जागेवर ठेवला, पिशवी घेतली आणि ती निघून गेली. परत आलीच नाही.

तीन आठवड्यांनी तिची टाचणवही द्यायला मी घरी गेले, तर तिच्या आईनं वही दारातच घेतली. "कुणाम्होरं येत न्हाय बाई ती," म्हणाली. आत पडदा हलल्यासारखा वाटला. पुढची जवळजवळ दोन वर्षं शालन त्या पडद्याआडच राहिली. कोपऱ्यावरच्या दुकानात जाईना. पुढे पुढे चर्चलाही जाईना. तिचं घर श्रद्धाळू, लहानपणापासून एक रविवार चुकवलेला नाही. पण उपासना सुटल्यावर दारात सगळ्यांशी हात मिळवायचा, चार शब्द बोलायचे, या विचारानं तिला शनिवारपासून ताप भरायचा. नातेवाईक समजवायला येत आणि म्हणत, प्रार्थना कमी पडतीया, विश्वास कमी हाय. फार पुढे एकदा ती मला म्हणाली, "आधी नुसती लाज होती, मंगल. त्यांनी वरनं पापाचं वझं चढवलं."

हे वझं उतरवलं ते त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी आणि त्यांच्या पत्नीनं. दोघं एका दुपारी घरी आले. शालन आतल्या खोलीत, दार लोटलेलं. त्यांनी तिला बाहेर बोलावलं नाही. दाराशेजारी खुर्च्या ओढून घेतल्या आणि दाराशीच बोलत बसले. पाळकीणबाई म्हणाल्या, "तीस वर्षं झाली शालन, रविवारी सकाळी यांना चहा जात नाही. पोटात ढवळतं. कधी कधी उलटीसुद्धा होते. मग तोंड धुतात, झगा चढवतात आणि उपदेशाला उभे राहतात." पाळकसाहेब हसले म्हणे. "विश्वास असला की भीती जाते, असं कुणी सांगितलं तुला? माझी काही गेली नाही. मी तिला बरोबर घेऊनच उभा राहतो." उठता उठता त्यांनी सांगितलं, की मिशनच्या दवाखान्यात सुमतीबाई म्हणून एक समुपदेशक दर गुरुवारी बसतात, त्यांच्याकडे जा. "प्रार्थना सोडू नकोस, आणि गुरुवारही चुकवू नकोस. देव ज्याला धाडतो त्याच्या अंगात दर वेळी झगा नसतो."

पहिले तीन गुरुवार आई तिला घेऊन गेली, आणि शालन नुसती मान हलवत होती म्हणे. चौथ्या गुरुवारी सुमतीबाईंनी तिला एक यादी करायला लावली. कशाची भीती वाटते, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. कंडक्टरकडे तिकीट मागणं सगळ्यात खाली, वर्गासमोर उभं राहणं सगळ्यात वर. एकेक पायरी चढायची, आणि सुरुवातीला सोबत कुणीतरी हवं. त्या आठवड्यात मला तिचं पत्र आलं, दोनच ओळींचं. गुरुवारी माझ्याबरोबर येशील काय?

मी गेले. बस स्टॉपवर तिला बघितलं आणि मला राहवेना. म्हटलं, "शालन, त्या दिवशी मीही हसले होते." ती चप्पलेच्या टोकानं माती उकरत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हाईत हाय की. फळ्याजवळनं मी बघितलतं तुला." मग कशाला बोलावलंस, असं मी विचारलं. "ज्यांनी बघितलं न्हाय त्यांना पयल्यापासनं सांगत कोण बसणार?"

ते सहा-सात महिने मी विसरणार नाही. तिकीट झालं, पत्ता विचारणं झालं, हॉटेलात चार माणसांत बसून मिसळ खाणं झालं. त्या दिवशी तिनं पहिला घास तोंडात घालायला पाव तास घेतला आणि तर्री गार झाली. एका गुरुवारी काम होतं चप्पल गल्लीत जायचं, पाच जोड काढायला लावायचे आणि एकही न घेता यायचं. मी दुकानाबाहेर थांबले. कापशी, कुरुंदवाडी, तऱ्हेतऱ्हेच्या चपलांचा एकेक जोड निघत होता, दुकानदाराचा चेहरा उतरत होता. शेवटी तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ ताई, घ्यायचं नव्हतं तर माझा अर्धा तास कशाला खाल्ला?" मला वाटलं, संपलं, आता ही पुन्हा दोन वर्षं पडद्याआड. शालन उभी राहिली. म्हणाली, "चुकलं दादा. पण मला घ्यायचं नव्हतंच." आणि बाहेर येऊन फुटपाथवर बसली. दवाखान्यात सुमतीबाईंनी विचारलं, "दहापैकी किती लाज वाटली?" "दहा." "गल्ली संपेपर्यंत?" शालननं विचार केला. "सहा." "आणि आत्ता?" "आत्ता भूक लागलीया," शालन म्हणाली. सुमतीबाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. त्यांच्या मागोमाग शालनही हसली. मी तिला मोकळं हसताना पहिल्यांदाच बघत होते.

पुढच्या जूनमध्ये तिनं डी.एड.ला पुन्हा नाव घातलं. वयानं लहान पोरींच्या वर्गात, त्याच इमारतीत. तोवर मला नोकरी लागली होती. पाठाच्या दिवशी तिनं मला अर्धी रजा काढायला लावली आणि बजावलं, "मागच्या बाकावरच बसायचं." वर्गात जायच्या आधी ती व्हरांड्यात डोळे मिटून उभी राहिली. ओठ हलत होते. काय मागितलंस, असं मी नंतर विचारलं. "भीती घालव, असं म्हणायचं मी कवाच सोडलंय. भीतीसकट उभी कर, एवढंच म्हटलं." ती उभी राहिली. वीसेक सेकंद गेली... आणि बोलायला लागली. आवाज इतका बारीक, की पोरं ऐकायला पुढे वाकली होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तिला हातकणंगल्याजवळच्या एका गावात शाळा मिळाली. माझी शाळा शेजारच्या गावात. वर्षं गेली. तिची भीती गेली नाही. पालकसभेच्या आदल्या दिवशी तिला जेवण जात नसे, आणि सभा मात्र तिनं एकही टाळली नाही. शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. अर्ज देऊन, आठवण करून काही होईना, तेव्हा तिनं ठरवलं की ग्रामसभेत उठून बोलायचं. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, असला विषय पुरुषांसमोर कसा काढणार? मी तिच्याबरोबर गेले. चावडीपुढे दोनशे तरी माणसं, बायका कडेला दहा-बारा. शालन उठली. हातातला कागद फडफडत होता, तो तिनं घडी घालून मुठीत धरला. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर मधूनच एक गडी ओरडला, "बाई, मोठ्यानं बोला की! काय बी ऐकू येत न्हाय!" लोक हसले. शालन थांबली. मान लाल झालेली मला दिसत होती. मग ती म्हणाली, "माझा आवाज एवढाच हाय. तुम्हीच जरा गप बसा, म्हंजे ऐकू येईल."

सभा गप्प झाली. "सातवीच्या पोरी दर म्हैन्याला चार दीस शाळंला येत न्हाईत," ती म्हणाली. "का येत न्हाईत, ते घरी जाऊन तुमच्या बायकांना इचारा. चार दिसांचे आठ हुत्यात, मग पोरगी घरातच बसती. दोन वर्षं घरात बसणं म्हंजे काय असतं, ते मला म्हाईत हाय." मग कडेच्या बायकांतून एक म्हातारी, डोक्यावरचा पदर सावरत, बसल्या जागेवरून म्हणाली, "व्हय. खरं बोलतीया बाई. लिवून घ्या रं." ठराव झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत बांधकाम झालं आणि जूनमध्ये मुली आल्या.

गेल्या वर्षी तिला कर्करोग निघाला. हातात फार दिवस नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिनं ते नीट विचारून घेतलं. एकच प्रश्न दोनदा विचारायला ती लाजली नाही. वॉर्डात नवी बाई आली, की ही स्वतः आधी नाव सांगायची, मग तिचं विचारायची. "नवीन जागी कुणीतरी पयलं बोलावं लागतं, मंगल. मला म्हाईत हाय ते किती जड असतं." पाळकसाहेब आता थकलेत, तरी शेवटच्या आठवड्यात काठी टेकत आले. तिचा हात त्यांच्या हातात होता.

मागच्या सोमवारी मी तिच्या कपाटातल्या वह्या न्यायला तिच्या शाळेत गेले होते. तिच्या वर्गावर नवे गुरुजी आलेत, तरुण, जरा घाईतले. हजेरी चालू होती. नावं भराभर चालली होती, "हजर, हजर" येत होतं. खिडकीकडेच्या एका मुलीचं नाव आलं आणि उत्तर आलं नाही. तिनं नुसता हात वर केला होता, नजर बाकावर. गुरुजी गैरहजेरीची खूण करून पुढचं नाव घेणार, तेवढ्यात पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, थांबायचं असतंय. बाई थांबत हुत्या." गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. सगळा वर्ग गप्प बसून होता. कुणी मागे वळून बघत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. या पोरांना थांबायचं कसं ते नीट ठाऊक होतं. गुरुजींनी पेन तसंच धरून ठेवलं... आणि खिडकीकडून अगदी बारीक आवाज आला, "हजर."