फाटक्या आवाजाचा खोका

बेंजोवाल्याला शिवी द्यायची तर आईबापापर्यंत जायची गरज नाही. 'आवाज फाटतोय तुझा' एवढं म्हटलं तरी पुरे. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं ते वाद्य, हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर ठेवून वाजवतात ते. मी ते वीस वर्षं वाजवलं. एरवी अंधेरीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आणि लग्नसराई आली की आचोळ्यातला बेंजो मास्तर, असा माझा दुहेरी संसार. त्या वीस वर्षांत मी एकाच गोष्टीशी भांडत आलो, ती म्हणजे हे फाटणं. आवाज जरा चढवला की स्पीकर चरचरायचा आणि सनईसारखं गोड गाणं म्हशीसारखं रेकायला लागायचं. मग वायर बदल, सोल्डरिंग कर, स्पीकरचा कागद फाटला असेल तर डिंकाने चिकटव. सुट्टीचा दिवस त्यातच जायचा.

राजोडीच्या एका हळदीत तो भर अंगणात फाटला. नवरदेवाचा मामा तरातरा माझ्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, गानं वाजवताय का पापड भाजताय?" अंगणभर हशा पिकला. माझ्याच पार्टीतला ताशेवाला तोंड फिरवून हसत होता, गाढव लेकाचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जुना अॅम्प्लिफायर होता, काचेच्या व्हॉल्व्हचा, स्पीकरसकट एका लाकडी खोक्यात बसवलेला. पुढच्याच आठवड्यात मी नवा ट्रान्झिस्टरचा घेतला आणि तो खोका माळ्यावर टाकला. त्यानंतर कोणी विषय काढला तरी मला राग यायचा.

नव्वदीच्या शेवटाला माझा मुलगा वसईला कॉलेजात होता आणि गिटारपायी वेडा झाला होता. त्याचा देव म्हणजे कोणी परदेशातला रॉकवाला. त्याचं पोस्टर आमच्याकडे कालनिर्णयाच्या शेजारी. खांद्याखाली गेलेले केस, उघडी छाती, डोळे मिटलेले. बायको रोज केर काढताना त्याच्याकडे बघून म्हणायची, "ह्याला घरात कोणी ओरडणारं नाही का हो?" त्या माणसाकडे कुठली गिटार आहे, पायाखाली कुठला पेडल आहे, अॅम्प कुठला आहे, हे सगळं छापलेल्या एका इंग्रजी पानाची झेरॉक्स पोराने मिळवली होती. पोथी वाचावी तशी तो ती वाचायचा. स्वतःची गिटार साधी, अॅम्प डब्याएवढा. दिवसभर खाटेवर बसून एकच रड, "टोन येत नाही. त्याचा टोन येतच नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणायचो. "बोटं चालव आधी."

"बोटं चालतात, पप्पा. पण त्याच्या अॅम्पमध्ये ट्यूब असतात. काचेच्या. त्या गरम झाल्या आणि आवाज फुल केला की तो फाटतो. तेच तर हवंय."

"फाटतो?"

"फाटायलाच पाहिजे. पूर्वी तर काही जण मुद्दाम स्पीकरचा कागद ब्लेडने कापायचे."

च्यायला, मी अर्धा जन्म डिंकाने चिकटवत काढला आणि तिकडे लोक ब्लेड घेऊन बसलेत! हसू आलं, पण माळ्यावरच्या खोक्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कसा? राजोडीचं ते अंगण मला पोरापुढे पुन्हा मांडायचं नव्हतं.

तोंड उघडलं ते बायकोने. "अहो, तुमच्या त्या माळ्यावरच्या खोक्यात पण काचेचे दिवे लागायचे ना?" मी डोळे वटारले, पण पोरगा एव्हाना स्टुलावर चढला होता.

खोका उतरवला, पुसला. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. पोराने गिटारची वायर खुपसली, आवाज पूर्ण चढवला आणि एकदाच सगळ्या तारांवरून हात मारला. तोच आवाज! पापड भाजल्याचा. माझा हात आपोआप बटणाकडे गेला, कमी करायला. पोराने माझा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "पप्पा," तो म्हणाला, "हाच. हाच तो टोन."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण जास्त वाटली ती लाज. ज्या आवाजाने माझं हसं झालं तो आवाज माझा पोरगा कौतुकाने पुन्हा पुन्हा काढत होता आणि मला वाटत होतं, आता खालच्या मजल्यावरून कोणीतरी विचारणार, मास्तर, पापड भाजताय का? पोराने विचारलं, "एवढी भारी वस्तू वर का टाकलीत?" मी म्हणालो, "जागा नव्हती."

खोका पोराच्या बँडच्या सरावाला जायला लागला. त्यांचा ड्रमवाला वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातला, ख्रिस्ती घरातला पोरगा. त्यांच्या घरामागे केळीची वाडी होती, वाडीत एक खोली, तिथे ह्यांचा धिंगाणा चालायचा. कॉलेजच्या बँड-स्पर्धेला आठवडा उरला असताना निरोप आला की अॅम्पचा फ्यूज उडाला. मी फ्यूज घेऊन गेलो.

आता त्या खोक्यावर काय लिहिलं होतं ते सांगायला हवं. पुढच्या फळीवर लाल ऑइलपेंटने माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली मोठ्या अक्षरांत 'बेंजो पार्टी'. त्याखाली 'आचोळे, नालासोपारा पूर्व'. दोन्ही बाजूंना एकेक गुलाबाचं फूल. तुळिंजच्या पेंटरकडून मी हौसेने काढून घेतलं होतं ते. तेव्हा इतकं आवडलं होतं की मी बायकोला दुकानावर बघायला घेऊन गेलो होतो.

खोलीच्या दाराशी पोचलो तर आतून तो ड्रमवाला माझं नाव वाचत होता. साधं नाही, माइकवरून पुकारा करावा तसं, गळा काढून, एकेक शब्द लांबवत. "...बेंऽऽजो पार्टी! आचोऽऽळे!" कोणीतरी म्हणालं, "हळद कोणाची रे आज?" सगळे फिदीफिदी हसले. सगळ्यांत जोरात हसला तो माझा पोरगा.

मी बाहेरच उभा राहिलो. मग खाकरलो, आत गेलो. "या अंकल, या," म्हणत पोरं उठली. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी फ्यूज घातला. कोणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

पोरांवर मी रागावलो नाही. खोटं बोलत नाही, त्यांचं काय चुकलं? राग आला तो स्वतःचा. कशाला हवी होती एवढी मोठी अक्षरं? फुलं कशाला? हळदीच्या बिदागीवर काही माझं पोट चालत नव्हतं, पगार होता, फ्लॅट होता, तरी नाव मिरवायची एवढी खाज! आता कॉलेजच्या हॉलमध्ये सगळी पोरंपोरी ते नाव वाचणार आणि त्या परदेशी देवाच्या भक्ताचा बाप हळदीत बेंजो वाजवतो हे सगळ्यांना कळणार. त्याचं हसं माझ्यापायी होणार. मी म्हणालो, "खोका घरी नेतो. स्पर्धेआधी एकदा सगळं तपासून देतो." पोरगा खूश झाला.

मी रजा टाकली. पोरगा कॉलेजला गेल्यावर गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं आणि काळ्या ऑइलपेंटचा डबा उघडला. फुलं लगेच गेली. नाव काही जाईना. पहिल्या हातानंतरही लाल अक्षरं खालून दिसत होती, वडिलांचं नाव तर स्पष्ट. मी दुसरा हात मारला. बायको तुळिंजहून भाजी घेऊन आली, पिशवी हातातच राहिली तिच्या.

"काय केलंत हे? त्याला विचारलंत तरी?"

"तुला नाही कळायचं."

"तुम्हाला तरी कळतंय का?" ती म्हणाली. पण रंग वाळल्यावर तिनेच जुन्या पडद्याची खोळ शिवून खोक्याला घातली, धूळ बसू नये म्हणून. पोरगा घरी आला तेव्हा खोका खोळीतच होता. त्याने वरून थोपटलं आणि म्हणाला, "आता ही खोळ तिथेच, स्टेजवर काढायची."

स्पर्धेच्या दिवशी ड्रमवाला टेम्पो घेऊन आला आणि खोका घेऊन गेला. मी मागाहून गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. ह्यांची पाळी आली. पोरगा माइकपाशी आला.

"एक मिनिट. सगळे विचारतात, टोन कुठून आणला, अॅम्प इम्पोर्टेड आहे का. आज दाखवतोच."

तो खोक्याजवळ गेला. ड्रमवाल्याने ड्रमवर तडतडाट सुरू केला आणि समोरच्या माइककडे तोंड नेलं. पोराने पाटीचं उद्घाटन करावं तशी खोळ ओढली आणि हात लांब करून म्हणाला, "हा अॅम्प माझ्या..."

काळी फळी.

तो खाली वाकला. फळीवरून हात फिरवला, इकडून तिकडे, दोनदा. ड्रमवाला माइकपाशी तोंड उघडं ठेवून तसाच बसला. हॉलला वाटलं ही गंमतच आहे. लोक हसले, शिट्ट्या मारल्या. मग ड्रमवाल्याने काठ्या आपटून ताल दिला आणि ते वाजवायला लागले. आवाज तोच लागला होता, त्याला हवा तसा. पण तो लोकांकडे बघतच नव्हता. गाणं संपेपर्यंत मान वळवून फळीकडे बघत होता. टाळ्या पडल्या असतील. मला आठवत नाहीत.

बाहेर व्हरांड्यात आधी ड्रमवाला भेटला. "अंकल, काय हे? मी तर तुमचं पूर्ण नाव पाठ केलं होतं, आचोळे-बिचोळे सगळं. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा तेच चाललं होतं. त्याचीच आयडिया. म्हणाला, पप्पांचं नाव असं पुकारायचं की हॉल हलला पाहिजे."

म्हणजे खोलीत तो हसला होता तो खुशीने. आणि मी वडिलांच्या नावासकट सगळं काळं करून ठेवलं होतं.

पोरगा आला. गिटार पाठीला, खोका दोन्ही हातांत धरलेला. तो खाली ठेवून म्हणाला, "पप्पा, नाव तुम्ही पुसलंत?"

"हो."

"का?"

"लोक हसले असते रे," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं, तुला हसले असते, माझ्यामुळे. पण तोंडातून एवढंच आलं.

त्याने स्वतःच्या फाटक्या जीन्सकडे बघितलं, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे. "आम्ही इतकं वाईट वाजवतो?" त्याने विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता. "मला सांगायचंत ना. तुम्हाला आमची लाज वाटते हे माहीत असतं तर तुमचं नाव घेतलंच नसतं आम्ही."

तुझी नाही रे बाबा, मला माझीच लाज वाटली. एवढंच वाक्य होतं. पण ते म्हणायचं तर वीस वर्षं जे वाजवलं त्याची लाज वाटते, हे पोटच्या पोराला त्याच्या तोंडावर सांगावं लागलं असतं, आणि आत्ताच तर तो तेच नाव भर हॉलमध्ये पुकारायला निघाला होता. त्याचा गैरसमज होतोय हे मला समोर दिसत होतं. मी तो होऊ दिला.

"जाऊ दे," मी म्हणालो. "चल, चहा घेऊ."

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. "मी हा खोका वाडीतल्या खोलीवर पोचवून येतो." त्यानंतर त्याने माझ्यासमोर कधीच वाजवलं नाही.