साडभाऊंचा कॉर्डलेस

जगातली एकही वस्तू तिच्या योग्य जागी ठेवलेली नाही, अशी माझ्या मोठ्या साडभाऊंची पक्की खात्री होती, आणि हा घोळ निस्तरायला देवाने त्यांच्या जोडीला मलाही धाडले आहे, याबद्दलही त्यांना शंका नव्हती. पाटबंधारे खात्यात त्यांचे आयुष्य तलावांसाठी जागा पाहण्यात गेले. निवृत्त झाले, फुलचूरला घर बांधले, तलाव मागे राहिले. पण जागा पाहणे काही सुटेना. आमच्याकडे आले की चहाचा कप हातात घेऊन आधी खोलीभर फिरत. एकदा ऊन लागते म्हणून त्यांनी आमचा फ्रिज दुसऱ्या भिंतीला नेला, तिथे वायर पुरेना म्हणून पलंग सरकवला, आणि पलंगामुळे दार उघडेना तेव्हा दारच चुकीचे बसवले आहे असा निकाल देऊन जेवायला बसले. तिरोड्याला एका लग्नात वाऱ्याची दिशा पाहून त्यांनी आचाऱ्याची भट्टी इतक्यांदा हलवली की शेवटी त्याने झारा त्यांच्या हातात दिला आणि थंडपणे म्हटले, "साहब, अब आपही पका लो." साडभाऊंनी तो घेतला, हे विशेष. त्या दिवशीचा भात मी अजून विसरलेलो नाही.

अशा माणसाने कॉर्डलेस फोन आणला, तेव्हाच मला थकवा आला. मोबाइल अजून सगळ्यांच्या खिशात आला नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. दुसऱ्या कुणी तो डबा हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवून फोन लावला असता. साडभाऊंनी आधी घराचा नकाशा काढला. मग दर रविवारी मला बोलावणे येऊ लागले. ते बेस, म्हणजे फोनचा तारेला जोडलेला डबा, धरून एका कोपऱ्यात उभे राहात आणि मी हँडसेट कानाला लावून अंगण, स्वयंपाकघर, गच्ची, विहीर असा फिरे. फ्रिजवर ठेवला तर फ्रिज सुरू झाला की घरघर. ट्यूबलाइटजवळ ठेवला तर कानात भुंगा. देव्हाऱ्याशेजारची जागा त्यांना फार आवडली होती, पण ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, नुसते त्यांच्याकडे पाहिले आणि ती जागा बाद झाली. एकदा तर न्हाणीघराच्या खिडकीत मी आतून बेस धरून उभा असताना लाइट गेली. बेस विजेवर चालतो, त्यामुळे चाचणी थांबली. लोडशेडिंग संपेपर्यंत बाहेर येऊ नका, जागा हलेल, असे त्यांनी मला बाहेरूनच बजावले.

सगळी अडचण एकाच ठिकाणी होती. घरामागच्या वाडीत अगदी शेवटी, सीताफळाच्या झाडाखाली एक सिमेंटचा बाक होता. ताईसाठी म्हणून साडभाऊंना फोन तिथे स्वच्छ ऐकू यायला हवा होता, आणि तो तिथेच येत नव्हता. मधल्या खोलीतली धान भरायची टिनाची भलीमोठी कोठी आड येते, असे त्यांनी ठरवले. ती कोठी आम्ही शेजाऱ्यांना गोळा करून मोठ्या कष्टाने हलवली. पाठ धरून मी त्या बाकावर बसलो आणि वैतागून म्हणालो की हॉलमध्ये फोन उत्तम चालतो, ताईला काय, खुर्चीत बसून बोलता येतेच की.

साडभाऊ माझ्याशेजारी बसले. घराकडे एकदा पाहून घेतले.

"माह्यासमोर तुमची ताई पोराशी बोलतच नाई," ते म्हणाले. "हो, नाई, बरं, आन् फोन ठेवून देते. मी उठून बाहेर गेलो तर आणखीच लवकर ठेवते. तिले माह्यापासून दूर बसून बोलता आलं पाहिजे, साडभाऊ."

त्यांचा मुलगा बडोद्याला होता. वडिलांनी खटपट करून इथेच लावून दिलेली नोकरी सोडून तो न सांगता निघून गेला होता, आणि तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद होते. घरात हा विषय कोणी काढत नसे. मीही काढला नाही. उठलो, आणि हँडसेट घेऊन पुन्हा फिरायला लागलो.

शेवटी जागा सापडली ती त्यांच्याच पलंगाच्या उशाशी, मागच्या खिडकीत. बेसची घंटा कानाशी खणखणे, दिवा डोळ्यांवर लुकलुके. साडभाऊंनी आपले अंथरूण मुकाट्याने हॉलमध्ये नेले. ताई मात्र रविवारी वाडीत जाऊन बसू लागली आणि तिचे हसणे कधीकधी घरापर्यंत येई. ते ऐकू आले की साडभाऊ टीव्हीचा आवाज वाढवीत.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मी तिथे होतो. ताई वाडीतून आत आली. फोन तिने बंद केलेला नव्हता. तो तिने साडभाऊंसमोर धरला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, जणू हेही काम माझेच होते. मी नजर वळवली. मग त्यांनी फोन घेतला.

"हं," ते म्हणाले. मग विचारले, "थंडी पडली का तिकडं?"

पलीकडून काही लांबलचक सांगणे चालले असावे. साडभाऊ नुसते हुंकार देत होते. मधेच ते उभे राहिले, का ते त्यांनाही कळले नसावे. शेवटी "बरं, ठेवतो" म्हणून त्यांनी फोन ताईकडे दिला.

काय म्हणाला, असे ताईने विचारले.

"थंडी आहे म्हणे." ते खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले. थोड्या वेळाने, कोणालाच उद्देशून नाही असे, म्हणाले, "आवाज जाड झाला पोराचा."

ताई आत गेली आणि स्वयंपाकघरात उगाचच भांडी लावू लागली. मी हळूच चपला घातल्या. त्या दिवशी मला कोणी जेवायला थांबा म्हटले नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही.