ओला अंबाडा

सुमन, माझी धाकटी जाऊ, रोज न्हाऊन ओल्याच केसांचा मानेवर भलामोठा अंबाडा घालते आणि देवपूजेला बसते. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी. काल तिचे केस विंचरताना त्यांवर पांढरे कण दिसले.

"लिखा गं!" मी म्हटलं आणि मनातून सुखावले.

आज सकाळी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक कण बोटांनी ओढला. तो मऊ होता, अलगद घसरून आला. "लीख अशी सुटत नाही, घट्ट चिकटते. ही बुरशी आहे. ओले केस बांधू नका, आणि हे कापून टाका."

हेवाही असाच बांधून ठेवलेल्या ओलाव्यात वाढत असावा.

संध्याकाळी सुमन केस कापून आली. "ताई, कशी दिसते?"

तिची मान इतकी सुंदर आहे, हे त्या अंबाड्यानं निदान माझ्यापासून लपवलं तरी होतं.