हिल्के, गोसे आणि बर्फावरचा बांध

माझे दाजी हिल्के यांनी आयुष्यात मनापासून एकच काम केले, समोरच्या गोसे बेकरीवाल्याचा द्वेष. जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या विटांनी भरलेली नाव हाकणे, माझ्या इम्केताईशी संसार, रविवारचे चर्च हे सगळे त्यांनी फावल्या वेळात उरकले. रंगभूमीवर मी पुष्कळ हाडवैरी पाहिले, पण पडदा पडला की ते एकमेकांची तंबाखू ओढायचे. दाजींचा पडदा कधी पडलाच नाही.

भांडण बर्फातले. हॉलंडच्या उत्तरेला, आमच्या फ्रीसलंडमध्ये कालवा गोठला की गावोगाव शर्यती लागतात. पायाला चामड्याच्या पट्ट्यांनी लाकडी स्केट बांधायचे. समोर सरळ रेघ, शेजारी शेजारी दोन पट्टे आणि मध्ये वीतभर उंच बर्फाचा बांध. दोघांनी सुटायचे आणि श्वास संपायच्या आत शेवट गाठायचा. वळण नाहीच. पाप एकच, दुसऱ्याच्या पट्ट्यात जाणे. पिऊन चर्चमध्ये आलेल्याला आमच्याकडे माफी आहे, बांध ओलांडणाऱ्याला नाही.

एका हिवाळ्यात, दाजींच्या म्हणण्याप्रमाणे, गोसेने शेवटच्या ढांगेला बांध ओलांडला, त्यांना दचकवले आणि जिंकला. पंच नेमका तेव्हा नाक शिंकरत होता. बक्षीस होते डुकराची धुरावलेली अख्खी मांडी. गोसेने ती इस्टरपर्यंत स्वतःच्या खिडकीत टांगून ठेवली.

तेव्हापासून दाजींच्या घरात ते मांस शिजले नाही, आणि पाव शेजारच्या गावाहून यायचा.

"समोर गरम पाव निघतोय आणि मी वाऱ्यात तंगडतोड करतेय," ताई करवादायची.

"त्या पावाला त्याचे हात लागलेले असतात."

"मग काय पाय लावून मळायला हवा होता?"

पुढे ॲमस्टरडॅमला देशोदेशीचे स्केटिंगवाले जमू लागले. नॉर्वेचे, रशियाचे, इंग्लंडचे. जगातला पहिला कोण ते ठरवायचे, असा मोठा घाट होता. पैशासाठी धावलेल्यांना मात्र बंदी. आमच्याकडचे बहुतेक गडी त्यातच गळले. दाजी आणि गोसे दोघेही, मांस म्हणजे काही पैसा नव्हे, असा वाद घालून आत शिरले. आयुष्यात दोघांचे एकमत झाले ते एवढ्याच मुद्द्यावर.

माझी नाटक मंडळी तेव्हा त्याच शहरात होती. दाजी ताईला घेऊन माझ्या बिऱ्हाडी उतरले.

"दाजी, त्या नॉर्वेवाल्यांचे लांब पोलादी स्केट पाहिलेत का? तुम्ही कसे जिंकणार?"

"मला जग नको. मला गोसे हवा. सगळ्यांसमोर त्याला एकदा हरवला की गाव म्हणेल, ती मांडी हिल्केचीच होती."

जोड्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि नशिबाने काय गंमत करावी! दोघे एकाच जोडीत. दाजी आतल्या पट्ट्यात, गोसे बाहेरच्या. पण इथे वाट गोल होती. आतली वाट आखूड पडते, म्हणून प्रत्येक फेरीत ठरल्या जागी दोघांनी पट्टे बदलायचे. एका टोपीवाल्या साहेबाने ते टेबलावर खडूने काढून दाखवले. दाजींनी मान डोलावली.

दुपारी कालव्यावर सराव झाला. गोसेचे काम ताईकडे. ठरल्या जागी ती आत आली, पण दाजी काही बाहेर जाईनात.

"अरे, मी बायको आहे तुझी! सरक की!"

"कळतंय गं. पाय ऐकत नाहीत."

"पायांना सांग, उद्या मी नसणार तिथे."

दुसऱ्या दिवशी काठावर ही गर्दी. शहरी लोकांनी आमचे लाकडी स्केट पाहिले आणि टोमणे सुरू झाले.

"ए गोठेवाल्यांनो, गाई कुणाकडे सोडून आलात?"

"तुझ्या सासऱ्याकडे!" ताई ओरडली.

पिस्तूल वाजले. आरंभाच्या रेषेवर दोघांनी एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नव्हते. आतल्या वळणाने दाजी थोडे पुढे आले. बदलायची जागा आली. गोसे नियमाप्रमाणे डावीकडे, आत वळला. दाजींनी बाहेर जायला हवे होते. ते गेले नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना गोसे आपल्या पट्ट्यात शिरताना दिसला आणि मधला सगळा काळ जणू पुसला गेला.

"चोरा! पुन्हा?" असे गरजून त्यांनी कोपर मारले.

दोघे एकमेकांत गुंतून बर्फाच्या ढिगात गेले. लोक हसले. ते हसू मला अजून ऐकू येते, कारण नाटक पडल्यावरही लोक तसेच हसतात. पंचाने झेंडा हलवला. हिल्के बाद. गोसेचे मनगट मोडले होते, त्यामुळे त्याचीही शर्यत तिथेच आटोपली.

काठावरच्या फळ्यांच्या खोपटात शेगडीपाशी मी माझ्या नाटकातल्या राणीच्या झग्याची किनार फाडून दोघांना बांधत होते. ताई डॉक्टर शोधायला गेली होती.

"नियम होता, गाढवा!" गोसे कण्हत म्हणाला. "खडूने काढून दाखवला होता!"

"तू माझ्या पट्ट्यात आलास."

"आज यायचंच होतं! त्या साली आलो होतो ते वेगळं..."

गोसेने जीभ चावली. मी गाठ मारायची विसरले.

दाजी हळूच म्हणाले, "पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"गावात, चर्चपुढे उभा राहून बोल."

"मेलो तरी बोलणार नाही. आणि इथे ऐकलं कुणी? एका नटीनं. नटीच्या शब्दाला गाव किती किंमत देतं, ठाऊक आहे ना?"

त्याचे खरे होते. मी गावी जाऊन घसा फोडून सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणाले, सोंग छान वठवतेस. गोसे भला माणूस होता, गरिबांच्या घरी फुकट पाव टाकायचा. तरी हे एक वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा निघाले नाही. दाजींनीही त्याला माफ केले नाही. आपल्या कोपराने त्याचे मनगट मोडले याबद्दल एका शब्दाने दिलगिरीही नाही. पाव शेजारच्या गावाहूनच येत राहिला.

फक्त घरी पोचल्या दिवशी ते ताईला म्हणाले, "सूपात मांडी घाल."

"ती? आपल्या घरात?"

"माझीच होती ती. त्याच्या तोंडून ऐकून आलोय."

मग दर हिवाळ्यात, पहिले बर्फ धरले की, दाजी बेकरीसमोरची खिडकी सताड उघडायचे, टेबल तिच्यापाशी ओढायचे आणि त्या वाऱ्यात, दात वाजवत, मांडीचा एकेक काप सावकाश चावायचे. ताई शाल गुंडाळून शिव्या घालायची. समोर गोसे तापलेल्या भट्टीपाशी उभा असायचा आणि मान खाली घालून पडदा ओढून घ्यायचा.